फेटलिंगचा गूळ

भोसरी ते चाकण या पट्ट्यात एखादा कामगार खोकून खोकून गेला आणि त्याच्या घरचे कोर्टाची पायरी चढले, की मालक पहिला फोन ॲडव्होकेट गणराज मुळुकांना करायचा. दुसरा फोन करायची वेळ सहसा येत नसे. चिंचवड स्टेशनजवळ त्यांचं ऑफिस, संत तुकाराम नगरात घर. कोर्टात त्यांनी कधी आवाज चढवला नाही. समोरच्या साक्षीदाराला ते काका म्हणत, मावशी म्हणत, पाणी हवं का विचारत, आणि मग इतक्या मायेनं त्याचा गळा कापत की तो जाताना वर नमस्कार करून जाई.

केसेस साऱ्या एकाच माळेतल्या. कुठे पेंट शॉपमधल्या वाफा, कुठे क्रोमच्या टाक्या, कुठे ब्रेक लायनिंगचा भुसा, एकदा तर फुटलेल्या ग्राइंडिंग व्हीलच्या कंपनीचीही बाजू त्यांनी मांडली. म्हणणं मात्र सगळीकडे एकच. आजार खरा, मृत्यू खरा, दुःख तर फारच खरं, फक्त माझ्या अशिलाचा त्याच्याशी काही संबंध नाही.

पण त्यांचं खरं नाव झालं ते गूळपाण्यावर. फाउंड्रीत ओतलेल्या लोखंडी भागांना वाळू चिकटलेली असते, ती घासून-ठोकून काढतात, त्या खात्याला फेटलिंग म्हणतात. तिथल्या माणसांना रोज गुळाचा एक खडा द्यायची चाल होती. गुळानं छातीतली धूळ खाली उतरते असं कामगार मानायचे, सुपरवायझर मानायचा, मालकही मानायचा. डॉक्टरला कुणी विचारलं नाही. चांगल्या मास्कपेक्षा गूळ स्वस्त पडतो, हेही एक होतंच. पुढे एका केसमध्ये कामगाराच्या वकिलानं नेमकं बोट ठेवलं. कंपनी म्हणते धूळ नव्हती. मग गूळ कशाला वाटत होते? मालकाला घाम फुटला. मुळूक सावकाश उठले आणि म्हणाले, "साहेब, उन्हातून आलेल्या माणसाला आपल्याकडे गूळपाणी देतात. भट्टीच्या धगीत राबणाऱ्याला माझ्या अशिलानं तोच मान दिला. आता माणुसकीलाही पुरावा समजायचं का?"

झालं. कामगाराची केस गेली, आणि त्यानंतर गुळाचा मुद्दा ज्यानं ज्यानं काढला त्याला त्याला हेच गूळपाणी पाजण्यात आलं. दुसऱ्या कंपन्यांचे वकीलही ते वापरू लागले. बार रूममध्ये पोरं त्यांना मागे 'गूळपाणी सर' म्हणत, आणि त्यांना ते ठाऊक होतं, आणि आवडतही होतं.

यातली मेख अशी, की ते धादांत खोटं होतं. आणि खोटं असल्याचं मुळुकांना ऐकून नव्हे, खाऊन माहीत होतं.

केज तालुक्यातून बी.ए. होऊन गणराज भोसरीला आला तेव्हा त्याच्याकडे एक पत्र्याची ट्रंक आणि वकील व्हायचं वेड, एवढंच होतं. चुलता श्रीयश कास्टिंग्ज नावाच्या फाउंड्रीत ठेकेदाराकडे कामाला होता. त्याला गावी परतायचं होतं. त्याच्याच कार्डावर, त्याच्याच नावानं, गणराज फेटलिंगला लागला. ठेकेदाराला हात हवे होते, ते कुणाचे याच्याशी त्याला देणंघेणं नव्हतं. सकाळी पुण्यात लॉ कॉलेज, दुपारनंतर दुसरी शिफ्ट. शेड अशी, की ट्यूबलाइट दिवसाही पिवळी दिसायची. बाहेर आल्यावर माणसं एकमेकांना आवाजावरून ओळखायची, कारण तोंडं सगळ्यांची सारखीच करडी.

शेजारच्या खोलीत रोहिदास सोनकांबळे आणि त्याची बायको शालनबाई राहायची. औशाकडची माणसं. रोहिदासनंच त्याला ग्राइंडर धरायला शिकवलं. शालनबाई त्याचा डबा करायची, तो तिला वहिनी म्हणायचा. शिफ्टच्या मधल्या चहाला सुपरवायझर गुळाची परात घेऊन यायचा. भट्टी दूर, पार दुसऱ्या टोकाला, आणि भट्टीवाल्यांना गूळ नसायचा, त्यांना मीठ घातलेलं लिंबूपाणी. गूळ फक्त फेटलिंगला. रोहिदास आपला खडा न चुकता गणराजच्या हातावर ठेवायचा.

"आरं तुला नको का?" सुपरवायझर हसायचा.

"माझं काय जातंय," रोहिदास म्हणायचा. "हे लेकरू उद्या वकील व्हनार. वकिलाला आवाज लागतो. त्याचा गळा साफ ऱ्हायला पायजे."

चार-साडेचार वर्षं गणराजनं दोन माणसांचा गूळ खाल्ला. सनद मिळाली तेव्हा पेढे घेऊन तो श्रीयशच्या थोरल्या शेठकडे गेला. शेठ बेरकी माणूस. त्यांनी पेढा तोंडात टाकला, टेबलावर पडलेली एका कामगाराची नोटीस पुढे सरकवली आणि म्हणाले, "तू आतला आहेस. काय विचारायचं नाही, ते तुला बरोबर कळेल."

त्या एका वाक्यावर मुळुकांची वकिली उभी राहिली. सुरुवातीला ते स्वतःला समजावत, की प्रत्येकाला वकील मिळाला पाहिजे, मालकालाही. ते खरंच आहे, त्यात वाद नाही. मग ते म्हणू लागले, की मी नाही घेतली तर दुसरा घेईल. मग काही म्हणायची गरज उरली नाही. खोली सुटली, भोसरी सुटली. चुलत्याच्या कार्डामुळे त्यांचं नाव त्या कारखान्यात कुठेच नव्हतं, ते बरंच झालं. बायको जयमाला हिला त्यांनी सांगितलं होतं, शिकताना एका कंपनीत ऑफिसला होतो. पोरगी योगिनी तर शाळेत सांगायची, माझे बाबा जन्मतःच वकील आहेत.

आणि मग शालनबाईची केस आली.

रोहिदास गेला होता. त्याला आधी टीबी म्हणून गोळ्या दिल्या, पुष्कळ महिने दिल्या, उतार पडला नाही. शेवटी मोठ्या दवाखान्यातल्या एका डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, हा टीबी नाही, फुप्फुसात वाळूची धूळ बसली आहे, सिलिकोसिस. तोवर उशीर झाला होता. शालनबाईच्या बाजूनं इफ्फत शेख उभी होती. चिंचवडच्या एका गॅरेजवाल्याची मुलगी, वकिलीत नवी, पण डोकं तल्लख.

मुळुकांनी अर्जावरचं नाव वाचलं आणि फाइल मिटली. दुसऱ्याच दिवशी ते चाकणला गेले. श्रीयशचा नवा प्लांट तिथे, आणि थोरल्या शेठच्या जागी आता त्यांचा मुलगा दिग्विजय.

"ही केस दुसऱ्या कुणाला द्या," मुळूक म्हणाले.

"का हो सर?"

"ओळखीतली माणसं आहेत."

दिग्विजयनं चहा सांगितला. तो तावातावानं बोलणारा नव्हता, आणि हे सारं तो मुळुकांकडूनच शिकला होता. "कसली ओळख, हे कुणीतरी विचारेलच ना? तीस वर्षांत तुम्ही एक केस सोडली नाही. हीच सोडली म्हटल्यावर ती शेखबाई गप्प बसेल? बाबा सांगायचे मला, मुळूक आपल्या फेटलिंगमधून वर आले. तुम्ही बाजूला झालात की तुम्ही वकील उरत नाही सर, साक्षीदार होता. आणि तुम्ही एकदा का खरं-खोटं सांगायला लागलात, तर आतापर्यंतच्या सगळ्या केसेसचं काय करायचं?"

बिस्किटं चांगली होती. मुळुकांनी दोन खाल्ली. परतीच्या वाटेवर मोशीच्या सिग्नलला त्यांच्या ध्यानात आलं, की या पोरानं आपल्याला धमकी दिलीच नाही. त्यानं फक्त दार कुठे कुठे बंद आहे ते दाखवलं, आणि त्यातलं प्रत्येक दार मुळुकांनी स्वतःच्या हातानं लावलं होतं.

खोकला त्याच्या आधीपासून होता. एसीचा, परागकणांचा, वयाचा, असं म्हणत म्हणत त्यांनी तो पुष्कळ दिवस रेटला. मग जिना चढताना मधल्या मजल्यावर थांबावं लागू लागलं. जयमाला मागे लागली, डॉक्टरला दाखवा. दाखवा म्हणणं सोपं आहे! या भागातल्या निम्म्या छातीच्या डॉक्टरांना मुळुकांनी उलटतपासणीत सोलून काढलं होतं, आणि उरलेले निम्मे त्यांचेच साक्षीदार. अखेर ते त्यातल्याच एकाकडे, डॉक्टर बिवलकरांकडे गेले. कंपनीच्या बाजूनं साक्ष द्यायला बिवलकर नेहमीचे. श्रीयशच्या या केसमध्येही तेच येणार होते.

बिवलकरांनी एक्स-रे दिव्यावर लावला. दोन्ही फुप्फुसांवर खसखस विखुरल्यासारखे ठिपके. असे एक्स-रे दोघांनी मिळून किती पाहिले असतील! मग नेहमीच्या सुरात बिवलकरांनी विचारलं, "धुळीत काम केलंय कधी?"

"नाही," मुळूक म्हणाले. ते उत्तर इतक्या साक्षीदारांकडून त्यांनी घोकून घेतलं होतं, की आपण ते दिलं हे त्यांना नंतर कळलं.

"मग टीबीच्या अंगानं बघू," बिवलकर म्हणाले आणि दिवा बंद केला. थुंकी तपासली, तीत काही निघालं नाही. मुळूक पुन्हा तिकडे फिरकले नाहीत.

उलटतपासणीच्या दिवशी शालनबाई पिंजऱ्यात उभी राहिली. केस पांढरे झालेले, हातात कापडी पिशवी. तिनं मुळुकांकडे पाहिलं आणि तिची नजर तिथेच थांबली. मुळुकांनी कागदात डोकं घातलं.

"मावशी," त्यांनी सुरुवात केली. ज्या बाईला आयुष्यात वहिनीशिवाय दुसऱ्या नावानं हाक मारली नाही, तिला ते मावशी म्हणाले. "तुमच्या यजमानांना डॉक्टरांनी टीबी सांगितला होता, बरोबर?"

"सांगितला व्हता."

"तुमचाही त्यावर विश्वास होता?"

"व्हता म्हनून तर त्यांचं ताट येगळं केलं," शालनबाई म्हणाली. "आंथरून येगळं केलं. नातू त्यांच्या ताटातलं घ्यायला जायचा, मी हाताला धरून वडायची त्याला. हे नुसते बगायचे. आन् मग त्या डाक्टर म्याडम म्हनल्या, ह्ये लागनीचं न्हाई, ह्ये कुनाला लागत न्हाई." ती न्यायाधीशांकडे वळली. "साहेब, मला पैशाचं काई न्हाई. मला येवढंच कळू द्या. मी त्यांचं ताट उगाच येगळं केलं का?"

या प्रश्नाचं उत्तर त्या खोलीत एकाच माणसाच्या छातीत होतं, आणि नेमका त्याच वेळी त्याला खोकला आला. साधासुधा नाही. टेबलाचा कोपरा धरून मुळूक वाकले. डोळ्यांत पाणी आलं. शिपाई ग्लास घेऊन धावला, पण घोट उतरेना.

शालनबाईनं पिशवीत हात घातला. कागदाची पुडी काढली, सोडली आणि पिंजऱ्यातून हात लांब करून गुळाचा खडा पुढे धरला. "धरा. तोंडात धरून ठिवा. त्यांनी सांगितलं व्हतं न्हवं तुमाला, गळा साफ ऱ्हायला पायजे?"

न्यायाधीशांनी चष्म्यावरून पाहिलं. "बाई, तुम्ही यांना ओळखता?"

इफ्फत शेख उठून उभी राहिली.

शालनबाई मुळुकांकडे बघत होती, आणि तिच्या बघण्यात राग नव्हता, हे फार वाईट होतं. ती वाट पाहत होती. ते बोलतील, भावजीच बोलतील, असं तिला खरोखर वाटत होतं. एक वाक्य पुरे होतं. 'होय साहेब, मी तिथे होतो, गूळ भट्टीला नव्हता, फेटलिंगला होता.' एवढं म्हटलं असतं तर रोहिदासचं ताट, तिचा नातू, सगळं जागच्या जागी लागलं असतं, आणि मुळुकांचं जे व्हायचं ते झालं असतं.

"नाही साहेब," मुळूक म्हणाले. आवाज घोगरा आला, पण आला. "ओळख असण्याचं काही कारण नाही."

शालनबाईनं हात मागे घेतला. पुडी बांधायला तिला थोडा वेळ लागला. "न्हाई साहेब," ती म्हणाली. "माजी चूक झाली. आमच्या शेजारी एक भावजी ऱ्हायचे, त्यांच्यावानी वाटले."

पुढची उलटतपासणी पाच-दहा मिनिटांत उरकली. कंपनी गूळ द्यायची ना? द्यायची. म्हणजे काळजी घ्यायची ना? घ्यायची म्हना. तुम्ही स्वतः कधी आत गेलात? न्हाई. ती आता काहीही कबूल करायला तयार होती. मुळुकांनी इतकी सोपी साक्ष कधी घेतली नव्हती.

बाहेर व्हरांड्यात इफ्फतनं त्यांना गाठलं. "सर, एक विचारू? शालनबाई म्हणतात भट्टीवाल्यांना मीठपाणी असायचं, गूळ फक्त फेटलिंगला. पण त्या आत गेलेल्या नाहीत, कोर्ट ऐकणार नाही. आणि त्या वेळची माणसं एक तर गेली, नाहीतर गावाकडे, नाहीतर घाबरलेली." तिचा आवाज एकदम खाली आला. "मला आतला फक्त एक माणूस हवाय. तुम्हाला कुणी माहीत आहे?"

किती आदरानं विचारलं पोरीनं! चिडून विचारलं असतं तर मुळुकांना सोपं गेलं असतं. चिडलेल्या माणसाशी काय बोलायचं ते त्यांना पाठ होतं.

"नाही," ते म्हणाले, आणि पार्किंगकडे निघाले. घरी पोचेपर्यंत त्यांनी स्वतःचं एक समाधान तयारही केलं होतं. केस आपण जिंकलो तर टीबी ठरेल, आणि टीबी ठरला तर बाईनं ताट वेगळं केलं ते बरोबरच ठरेल, तिच्या जिवाला शांती. माणूस किती हुशार असावा यालाही काही मर्यादा असायला हवी.

केस ते जिंकले. बिवलकरांनी शपथेवर सांगितलं, रोहिदासची लक्षणं क्षयरोगाची होती, आणि तिथली धूळ निरुपद्रवी. निकालात स्पष्ट लिहिलं गेलं, की त्या काळात श्रीयशच्या फेटलिंग खात्यात आजार होण्याजोगी धूळ होती असं दिसत नाही. गूळपाण्याचा परिच्छेद तर जवळजवळ मुळुकांच्याच शब्दांत होता. दिग्विजयनं काजूकतलीचा मोठा बॉक्स पाठवला.

त्याच आठवड्यात त्यांना धड झोपून श्वास घेता येईना. ते बिवलकरांकडे गेले, दार लावून घेतलं आणि आयुष्यात पहिल्यांदा मोठ्यानं म्हणाले, "डॉक्टर, मी भोसरीला फेटलिंगमध्ये होतो. चार-साडेचार वर्षं. श्रीयशमध्येच."

बिवलकरांना आश्चर्य वाटलेलं दिसलं नाही. त्यांनी पेन खाली ठेवलं. "मुळूकसाहेब, परवाच मी शपथेवर सांगितलंय तिथली धूळ निरुपद्रवी होती. तुम्हीच सांगायला लावलंत. आता तुमच्या कागदावर मी सिलिकोसिस लिहायचं? तोच कारखाना, तीच वर्षं?" ते खुर्चीत मागे टेकले. "दुसऱ्या कुणाकडे जाल तर तो पहिला प्रश्न हाच विचारेल, कुठे काम केलं? आणि तुम्हाला तर सगळे ओळखतात. औषधानं बरा होणारा हा आजार नाही, तुम्हाला मी काय सांगू. ऑक्सिजन लागेल तेव्हा देऊ. बाकी कागदावर काय लिहू, ते सांगा."

इतकी वर्षं हा प्रश्न बिवलकर त्यांना फोनवर विचारत, आणि मुळूक दोन शब्दांत उत्तर देत.

"क्षय लिहा," ते म्हणाले.

योगिनी बाळंतपणानंतर माहेरीच होती, तिचा मुलगा नुकता धरून धरून चालू लागला होता. तिनं कागद वाचला आणि तिचा चेहरा उतरला. "थुंकीत काही नाही म्हणतात गं," मुळूक म्हणाले. पण जयमालानं त्यांना पुढे बोलू दिलं नाही. घरात तान्हं लेकरू आहे, विषाची परीक्षा कशाला? संध्याकाळपर्यंत त्यांचं अंथरूण बाहेरच्या खोलीत गेलं. स्टीलचं एक ताट, एक वाटी, एक पेला वेगळा निघाला. जयमाला हे सगळं रडत रडत करत होती, आणि तिचं काही चुकत नव्हतं.

रात्रीचं जेवण झालं. तिनं त्यांच्या वेगळ्या ताटात गुळाचा खडा आणून ठेवला. "चघळा," ती म्हणाली. "खोकल्याला बरा असतो."

मुळूक त्या खड्याकडे बघत बसले. हा आजार कुणाला लागत नाही, एवढंच सांगायचं होतं. मग ती विचारणार, कशावरून? मग सांगावं लागणार, भोसरीवरून. तेवढ्यात नातू भिंत धरत धरत आला, आबांच्या ताटापाशी बसकण मारली आणि गुळाकडे हात नेला. जयमाला धावली. तिनं त्याला हाताला धरून ओढलं. "आबांच्या ताटातलं घ्यायचं नाही राजा. आबांना बरं नाही."

पोर रडायला लागलं. मुळुकांनी ताट उचललं आणि भिंतीकडे, त्याचा हात पोचणार नाही असं, लांब सरकवून ठेवलं.